फळांची कृती दर वेळी वेगळी का होते? कप-वाटीचं माप ग्रॅममध्ये आणताना होणारी गफलत आणि तिच्यावरचा इलाज

थंडी ओसरायला लागली की नाशिकमध्ये द्राक्षं स्वस्त होतात, सुरगाण्याकडची स्ट्रॉबेरी शहरात येते आणि घरोघरी जॅमची पातेली चढतात. मागोमाग तक्रारीही येतात. गेल्या वर्षी मस्त झालेला जॅम यंदा पाण्यासारखा पातळ राहिला. स्ट्रॉबेरीचा जॅम बाटलीतून चमच्यानं निघेना. केळ्याचा केक वरून लाल झाला, पण मधोमध ओला गच्च राहिला. साखरांब्यात महिन्याभरात साखरेचे खडे धरले. विचारावं तर प्रत्येकीचं उत्तर तेच: "अहो, कृतीत लिहिलंय तसंच केलं. दोन कप म्हणजे दोनच कप घेतले."

मला या तक्रारी खऱ्या वाटतात. करणारीनं कष्ट घेतलेले असतात, फळ चांगलं असतं, गॅसकडे लक्ष असतं. घोळ असतो तो "दोन कप" या शब्दांत. फळाच्या एका कपाला एकच एक वजन नसतं. तेच फळ, तोच कप, पण अख्खं भरलं, चिरून भरलं की कुस्करून भरलं यावर आत दीडपट फरक पडतो. साखर मात्र दर वेळी तेवढीच जाते. मग पाक दर वेळी वेगळा होणारच.

आधी बिघाड मापाचाच आहे का ते बघा

एक सोपी खूण आहे. तीच कृती कधी पातळ, कधी घट्ट होत असेल, तर दोष मापात आहे. दर वेळी पातळच किंवा दर वेळी घट्टच होत असेल, तर माप तुम्ही सारखंच घेताय आणि दोष कृतीच्या प्रमाणात किंवा आटवण्यात आहे. दुसऱ्या प्रकारच्या बिघाडाबद्दल खाली जॅमच्या भागात लिहिलंय, कारण नाशिकला त्यात एक खास अडचण आहे. बाकीचा मजकूर पहिल्या प्रकारासाठी.

तुमचा कप किती मिलीचा?

हा भाग लवकर उरकू, कारण लोक समजतात तेवढा मोठा घोटाळा इथं नाही. अमेरिकी कृतीतला कप साधारण २३७ मिलीचा असतो, व्यवहारात २४० धरतात. ऑस्ट्रेलियातला २५० मिलीचा आणि जपानमधला २०० मिलीचा. आपल्याकडे बेकिंगच्या दुकानात मिळणारे प्लास्टिकचे कप २४० किंवा २५० चे असतात. भांडी बाजारातून आणलेल्या स्टीलच्या वाटीवर आकडाच नसतो. आमटीची वाटी, आमरसाची वाटी, नैवेद्याची वाटी, सगळ्या वेगळ्या.

उपाय: वाटी वजनकाट्यावर ठेवा, काटा शून्य करा, काठोकाठ पाणी भरा. जितके ग्रॅम दिसतील तितक्या मिलीची ती वाटी. पाण्याचं एक मिलीला एक ग्रॅम हे गणित स्वयंपाकघरापुरतं पक्कं आहे. निघालेला आकडा वाटीच्या बुडाला मार्करनं लिहून ठेवा.

काट्याबद्दलच शंका असेल तर अर्ध्या लिटरची दुधाची पिशवी ठेवून बघा. दूध पाण्यापेक्षा किंचित जड असतं, त्यामुळे ५०० मिली दूध ५१५ ग्रॅमच्या आसपास भरतं, शिवाय पिशवीचे दोन-चार ग्रॅम. काटा ४९० किंवा ५५० दाखवत असेल तर आधी सेल बदला, आणि काटा ओट्यावर सपाट बसलाय का तेही बघा.

२३७ आणि २५० मधला फरक पाच-सहा टक्क्यांचा. त्यानं केक थोडा इकडे-तिकडे होईल, पण जॅमचं वाटोळं होत नाही. वाटोळं होतं ते पुढच्या कारणानं.

खरी गफलत पोकळीची

हे एकदा स्वतः करून बघाच, पाच मिनिटांचं काम आहे. २५० मिलीचं भांडं घ्या आणि त्यात थॉमसनची धुतलेली, देठ काढलेली द्राक्षं काठापर्यंत भरा. भांडं भरलेलं दिसतं. आता दुसऱ्या मोजपात्रातून त्यात हळूहळू पाणी ओता. पाणी द्राक्षांच्या फटींतून खाली उतरत जातं, मधेच बुडबुडा वर येतो, एखादं द्राक्ष जागचं हलून खाली बसतं आणि तिथं आणखी घोटभर पाणी मावतं. काठाला पाणी लागेपर्यंत शंभर मिलीच्या आसपास पाणी आत गेलेलं असतं. भरलेल्या दिसणाऱ्या भांड्यात पाचातले दोन हिस्से हवा होती.

त्या भांड्यातली द्राक्षं वजन केली तर १५५ ते १६० ग्रॅमच्या जवळ भरतात. तीच मिक्सरमधून फिरवून त्याच भांड्यात घातली तर भांडं अर्ध्याहून थोडं जास्त भरतं. आता विचार करा: कृती लिहिणाऱ्यानं "दोन कप द्राक्षं" लिहिताना अख्खी मोजली होती की वाटलेली? त्यानं सांगितलं नसेल, तर तुम्ही आणि तो दोघंही "दोन कप"च म्हणताय, पण तुमच्या पातेल्यात त्याच्या दीडपटीहून जास्त फळ असू शकतं.

द्राक्ष लहान की मोठं याचा मात्र फारसा संबंध नाही, आणि हे पुष्कळांना पटत नाही. मोठ्या फळांमध्ये फटी मोठ्या पण मोजक्या, लहान फळांमध्ये फटी बारीक पण पुष्कळ. एकूण पोकळी जवळपास तेवढीच राहते. अमेरिकेच्या कृषी खात्याचा तक्ता बघा. त्यांच्या २३७ मिलीच्या कपात अख्खी स्ट्रॉबेरी १४४ ग्रॅम, ब्लूबेरी १४८ ग्रॅम, बिनबियांची द्राक्षं १५१ ग्रॅम. तीन वेगवेगळ्या आकारांची फळं आणि वजन सात ग्रॅमच्या आत. फरक पडतो तो भांडं फळाच्या मानानं फार लहान असेल तेव्हा. मोठाल्या स्ट्रॉबेऱ्या छोट्या वाटीत भरल्या तर कडेला जागा फुकट जाते आणि वजन आणखी कमी भरतं. सोनाकासारखी लांबट द्राक्षंही वाटीत आडवी-तिडवी पडतात. एकदा सैल भरून आणि एकदा वाटी ठोकून वजन करा, फरक लगेच दिसेल.

चिरलं की तुकडे एकमेकांना चिकटून बसतात आणि पोकळी कमी होते. त्याच तक्त्यात चकत्या केलेली स्ट्रॉबेरी १६६ ग्रॅम आहे आणि वाटलेली २३२. अख्ख्या १४४ पासून वाटलेल्या २३२ पर्यंत: एकच फळ, एकच कप.

कामाला येणारे तीन आकडे

असे बरेच तक्ते आणि घरची वजनं ताडून मी तीन आकड्यांवर आले आहे. तुमच्या भांड्याचे मिली घ्या आणि फळाच्या स्थितीप्रमाणे गुणा.

अख्खं, गोलसर फळ असेल तर ०.६ नं. द्राक्षं, स्ट्रॉबेरी, करवंदं, जांभळं. चिरलेले रसदार तुकडे असतील तर ०.७ नं. आंबा, अननस, पेरू यांचे तुकडे अमेरिकी तक्त्यात १६५ ग्रॅमच्या घरात आहेत, म्हणजे ०.७ च. गर, रस किंवा कुस्करलेलं फळ असेल तर १ नं, म्हणजे मिली तेवढेच ग्रॅम. कुस्करलेल्या केळ्याचा कप २२५ ग्रॅम, म्हणजे एकापेक्षा किंचित कमी. द्राक्षाचा रस किंवा दाट आमरस एकापेक्षा किंचित जास्त, कारण त्यात साखर विरघळलेली असते. घरच्या कामाला १ पुरतो.

उदाहरणार्थ, १८० मिलीच्या वाटीनं तीन वाट्या चिरलेला पेरू सांगितलाय. १८० × ३ × ०.७ = ३७८. पावणेचारशे ग्रॅम चिरलेला पेरू घ्या आणि वाटी बाजूला ठेवा.

हे आकडे कुठं चालत नाहीत तेही सांगते. सफरचंदाच्या गरातच हवा असते, म्हणून तर ते पाण्यावर तरंगतं. त्याचे तुकडे १२५ ग्रॅमच भरतात आणि गुणक ०.५ च्या थोडा वर राहतो. पपईचे मोठे तुकडे ०.६ वर येतात. डाळिंबाचे दाणे कोनाकोनाचे असल्यामुळे एकमेकांत नीट बसतात आणि १७४ ग्रॅम भरतात, म्हणजे ०.७ च्याही थोडं वर. बेदाणे सैल भरले तर १४५ आणि दाबून भरले तर १६५.

कीस असेल तर कुठलाही गुणक वापरू नका. कैरीचा कीस सैल पडू दिला तर वाटी पटकन भरते. तोच कीस बोटांनी दाबला तर त्याच वाटीत सव्वा ते दीडपट मावतो. साखरांब्याची "एक वाटी कीस, दीड वाटी साखर" ही कृती आजीच्या हातून बिनचूक व्हायची, कारण वाटी तीच, किसणी तीच आणि दाबणारा हातही तोच. किसणीची भोकं बदलली आणि हात बदलला की त्या प्रमाणाला काही अर्थ उरत नाही. साखरांबा करायचा असेल तर कीस वजनातच घ्या. आजी किंवा सासूबाई हाताशी असतील तर त्यांना त्यांच्या पद्धतीनं वाटी भरायला सांगा आणि ती वाटी काट्यावर ठेवा. कृती कायमची हाती लागते.

तक्त्यातला ९२ चा आकडा

इंटरनेटवर "द्राक्षं, एक कप, ग्रॅममध्ये" असं शोधलं की एका ठिकाणी १५१ दिसतं आणि दुसऱ्या ठिकाणी ९२. लोक चक्रावतात आणि मग दोन्हींची सरासरी काढतात. सरासरी मुळीच काढू नका.

९२ हा आकडा अमेरिकेतल्या काळपट, जाड सालीच्या, बियांच्या द्राक्षांचा आहे. त्या द्राक्षांची साल सुटून हातात येते. तो तक्ता अन्नाचे गुणधर्म सांगण्यासाठी केलेला आहे, म्हणून त्यात खाण्याजोग्या भागाचंच वजन धरलंय. साल, बिया, देठ वजा जाऊन ९२ उरतात. टाकाऊ भाग त्यांनी ४२ टक्के धरलाय. तो परत मिळवला तर अख्ख्या फळाचा कप १५९ ग्रॅमच्या आसपास येतो, म्हणजे आपल्या ०.६ च्या गुणकाच्या जवळच. आपल्या पिंपळगाव-निफाडच्या बिनबियांच्या द्राक्षांना १५१ चाच आकडा लावायचा.

कुठल्याही तक्त्यातला आकडा उचलण्याआधी हे वजन साली-बियांसकट आहे की सोलल्यावरचं, एवढं बघायचं. आंबा, सीताफळ, डाळिंब, फणस यांच्या बाबतीत या एका गोष्टीनं हिशोब निम्म्यावर येतो.

कृतीतही हाच प्रश्न असतो. फळ आधी मोजून मग चिरायचं, की आधी चिरून मग मोजायचं? परदेशी कृतींत हे बहुतेकदा शब्दांच्या क्रमावरून कळतं. फळाचं नाव आधी आणि "चिरून" शेवटी आलं असेल, तर अख्खं मोजायचं. "चिरलेली" आधी आली असेल, तर चिरून मोजायचं. मराठी कृतींत हा भेद क्वचितच पाळलेला असतो. तेव्हा लिहिणाऱ्याला विचारता आलं तर विचारा. नाही तर अर्ध्या प्रमाणात करून बघा.

जॅम: प्रमाण वजनात आणा, शेवटही वजनावर ठरवा

मापाच्या घोळाचा सगळ्यात मोठा फटका जॅमला बसतो. "दोन कप स्ट्रॉबेरी, एक कप साखर" घ्या. साखरेचा कप २०० ग्रॅमचा. स्ट्रॉबेरी अख्खी मोजली तर २८८ ग्रॅम, म्हणजे फळाच्या ६९ टक्के साखर. चकत्या मोजल्या तर ६० टक्के. वाटून मोजली तर ४३ टक्के. पहिल्याचा मुरलेला, टिकाऊ जॅम होईल. तिसरा सांगितलेल्या वेळात आटणारच नाही. मग गॅस वाढवला जातो, अर्धा तास जास्त रटरटवलं जातं, रंग काळपट पडतो. शिवाय फळातलं पेक्टिन, म्हणजे जॅम धरायला लावणारा घटक, जास्त शिजून तुटतं आणि इतकं करूनही जॅम धरत नाही. बाहेर ठेवला तर बुरशी येते ती वेगळीच.

माझं प्रमाण असं आहे: एक किलो स्ट्रॉबेरीला ७०० ग्रॅम साखर. एक किलो गोड द्राक्षांना ५०० ग्रॅम, कारण द्राक्षांत स्वतःचीच साखर भरपूर असते. दोन्हींत एक ते दोन लिंबांचा रस. द्राक्षं फार पिकलेली असतील तर त्यांत मूठभर आंबट, हिरवट द्राक्षं मिसळा. कच्चट फळात पेक्टिन जास्त असतं, जॅम धरायला त्याची मदत होते.

आता कधी उतरवायचा? थंड बशीवर थेंब टाकून बघतात, चमच्यावरून तार बघतात. दोन्ही रीती चांगल्या आहेत, पण त्यांना सराव लागतो. नव्यानं करणाऱ्यांना मी वजनाची रीत सांगते. जॅम नीट धरायला आणि टिकायला त्यात साधारण ६५ टक्के घन भाग लागतो, आणि त्यातली बहुतेक साखरच असते. द्राक्षांत सुमारे ८१ टक्के पाणी असतं, म्हणजे एक किलोत १९० ग्रॅम घन. त्यात ५०० ग्रॅम साखर मिळवली की ६९० झाले. ६९० भागिले ०.६५ म्हणजे १०६० ग्रॅमच्या आसपास. दीड किलोचं मिश्रण आटून १०६० ग्रॅमवर आलं की जॅम झाला. स्ट्रॉबेरीत पाणी ९१ टक्के, घन ९० ग्रॅम. ७०० साखर मिळवून ७९०, त्याला ०.६५ नं भागून १२१५ ग्रॅम.

त्यासाठी रिकाम्या पातेल्याचं वजन आधी करून ठेवायचं, ढवळायच्या उलथन्यासकट. गरम पातेलं थेट काट्यावर कधीही ठेवू नका. प्लास्टिक वितळतं आणि उष्णतेनं काट्याचे आकडेही भरकटतात. काट्यावर लाकडी पोळपाट उलटा ठेवा, काटा शून्य करा, मग त्यावर पातेलं ठेवा. दहा सेकंदांत आकडा वाचून लगेच परत गॅसवर. अजून शंभर ग्रॅम जायचेत की पन्नास, हे कळलं की घाबरगुंडी उडत नाही. काट्याची क्षमता मात्र आधी बघून घ्या. जाड बुडाचं पातेलं आणि दोन किलो मिश्रण मिळून पाच किलोचा काटा पुरा पडेलच असं नाही.

आणि ती नाशिकची अडचण. पुस्तकांत लिहिलेलं असतं की १०४ ते १०५ अंशांवर जॅम उतरवा. तो आकडा समुद्रसपाटीचा आहे. नाशिक समुद्रसपाटीपासून सुमारे ६०० मीटर उंचावर आहे आणि इथं पाणी ९८ अंशांच्या आसपासच उकळतं. म्हणून आपल्याकडे १०२ ते १०३ अंशांना जॅम तयार होतो. मुंबईच्या बहिणीनं सांगितल्याप्रमाणे १०५ ची वाट बघत बसलात, तर तो दर वेळी घट्ट, गोळीसारखा होणार. "माझा जॅम नेहमीच घट्ट होतो" म्हणणाऱ्यांनी थर्मामीटर आधी उकळत्या पाण्यात धरून बघावा आणि जो आकडा येईल त्यात साडेचार अंश मिळवावेत.

केळ्याचा केक मधे ओला राहतो

"तीन केळी" हेही एक मापच आहे, आणि फारच ढिलं. अमेरिकी तक्त्यात मध्यम केळं सोलल्यावर ११८ ग्रॅमचं धरलंय. तीन केळी म्हणजे साडेतीनशे ग्रॅम, कुस्करून दीड कप. आपल्याकडे मोठं केळं यापेक्षा बरंच जड असू शकतं आणि वेलची केळं त्याच्या निम्म्याहून लहान. वेलचीची सहा ते आठ लागतील. केळ्याच्या वजनातला सुमारे तिसरा हिस्सा साल असते, तेव्हा सोललेलं केळंच काट्यावर ठेवायचं.

दुसरी चूक होते कापांची. कृतीत कुस्करलेल्या केळ्याचा एक कप असतो, आणि घाईत कोणी कापांचा कप भरून मग कुस्करतं. कापांचा कप १५० ग्रॅम, कुस्करलेल्याचा २२५. केळं कमी पडतं आणि केक कोरडा होतो. उलट बाजूनं, कुस्करलेलं केळं कपात शिगोशीग भरलं की ओलावा वाढतो आणि मधला भाग शिजत नाही. मैद्याचा कप सैल भरला की दाबून भरला यावर त्यात आणखी भर पडते. मैदाही वजनातच घ्या, कपाला १२५ ग्रॅम.

बाजारात किती घ्यायचं?

हा हिशोब उलटा आहे. कृतीला गर किती हवा ते ग्रॅममध्ये काढलं की फळ किती आणायचं ते ठरतं. सटाणा-मालेगावकडच्या भगव्या डाळिंबात दाणे निम्म्याहून थोडे जास्त निघतात. दोन कप दाणे म्हणजे ३५० ग्रॅम, त्यासाठी सहाशे ते साडेसहाशे ग्रॅम डाळिंब. मध्यम आकाराची दोन-तीन फळं पुरतात. आंब्याचा रस जातीप्रमाणे निम्म्यापासून दोन-तृतीयांशापर्यंत निघतो. केशर आणि पायरी एकाच हिशोबात धरू नका. सीताफळाचा गर साधारण निम्मा धरा, आणि बिया काढताना हाताला लागून जातो तो सोडून द्या.

करवंदांचं वेगळं आहे. उन्हाळ्यात त्र्यंबक आणि पेठकडच्या बायका "काळी मैना" घेऊन बसतात, तेव्हा त्या पेल्यानं किंवा वाट्यानं विकतात, काटा नसतो. इथं ०.६ चा गुणक फार उपयोगी पडतो. २५० मिलीचा पेला म्हणजे दीडशे ग्रॅम. लोणच्याला अर्धा किलो कच्ची करवंदं हवी असतील तर असे सव्वातीन-साडेतीन पेले. शेवटी मूठभर वर घालतात, ती हिशोबात धरू नका. आणि त्या उन्हातान्हात बसलेल्या बाईशी भावावरून घासाघीस करू नका, एवढं मात्र कळकळीनं सांगते.

मोठ्या व्यवहाराला मापाची ही अडचण कधीच येत नाही. पिंपळगावच्या बाजारात टोमॅटोचा भाव कॅरेटवर बोलला जातो, पण त्या कॅरेटमागे वीस किलोचं वजन ठरलेलं असतं. घरच्या कृतींतही आपण तेच करायचंय: वाटी बोलायला राहू द्या, तिच्यामागे ग्रॅम ठरवून टाका.

वही कशी करायची

प्रत्येक फळासाठी मोठा तक्ता करत बसू नका, तो अर्धवट राहतो. पुढच्या वेळी जी कृती कराल तेवढीच घ्या. कप किंवा वाटी नेहमीसारखी भरा, काट्यावर ठेवा, कृतीच्या शेजारी पेन्सिलीनं वजन लिहा. पुढं दोन शब्द फळाच्या स्थितीचे: "अख्खी", "चिरून, बोराएवढे तुकडे", "साल काढून", "दाबून". पदार्थ झाल्यावर कसा झाला तेही एका शब्दात. दुसऱ्या खेपेला पेन्सिलीच्या आकड्यावरूनच सुरुवात करा. पातळ झाला होता असं लिहिलं असेल तर फळ दहा टक्के कमी करून बघा. साखरेला हात लावू नका, नाही तर कशानं फरक पडला ते कळणार नाही.

वेलदोडा, दालचिनी, चिमूटभर मीठ यांच्यासाठी काटा काढायची गरज नाही. घरचा काटा दोन-तीन ग्रॅमच्या खाली भरवशाचा नसतोच. चमचा आणि नाक पुरे.

फ्रीझरमधल्या फळांचं

शेवटचा एक प्रश्न दर पावसाळ्यात येतो. हंगामात स्ट्रॉबेरी किंवा आंब्याच्या फोडी गोठवून ठेवल्यात, आता कृतीतले दोन कप गोठलेले मोजायचे की वितळल्यावर? गोठलेली फळं कडक असतात, पोकळी जास्त राहते. वितळली की ती ढेपाळून खाली बसतात आणि तोच कप जड होतो. म्हणून कपानं मोजूच नका. गोठलेलं असतानाच वजन करा आणि वितळताना सुटलेलं पाणी सगळंच्या सगळं पातेल्यात घ्या. ते पाणी फळाच्याच वजनातलं आहे. ओतून दिलंत तर फळ कमी पडेल आणि वासही जाईल. फ्रीझरमध्ये ठेवतानाच पिशव्या २५० किंवा ५०० ग्रॅमच्या करा, वर फळाचं नाव, वजन आणि महिना लिहा, आणि हवा दाबून काढून पिशव्या आडव्या, चपट्या रचा.